मऊ सामान, कडक सामान

सजाच्या शेडमध्ये टँकर उभा, पोट उघडं.
ऑईल पॅन उतरवला तेव्हाच कळलं:
तेल काळं, वास करपलेल्या पाकाचा,
चुंबकावर राखाडी लव
आणि तळाशी सोनेरी चमक, चुंबकानं नाकारलेली.
म्हणजे बुश गेलं.
पोलाद चिकटतं, पितळ वाहत राहतं.

शेरदिल ड्रायव्हर म्हणाला,
तिसरा येतो, उस्ताद, आणि निसटतो,
हातातल्या माशासारखा.
बू हमदान फोनवर म्हणाला, स्वस्तात. आणि गुरुवारपर्यंत.

मी पुठ्ठ्यावर यादी केली.
मऊ सामान नवं: सील, ओरिंग, गॅस्केट, अस्तराच्या प्लेटी.
कडक सामान भंगारातलं चालेल: ड्रम, शाफ्ट, ग्रहमाला.
हो, ग्रहमालाच.
या पेटीत एक सूर्य असतो आणि भोवती चार ग्रह.
आमच्याकडे एकाच ग्रहाला तेल वाहतात,
इथे चौघांना लागतं,
नाहीतर सगळ्यांचीच साडेसाती.

पुष्कराक्षननं काउंटरवर तीन खोकी मांडली.
एक कंपनीचं, अठराशे दिरहम.
एक तैवानचं, सातशे.
तिसरं सगळ्यात चकचकीत, नाव नसलेलं,
त्याच्याबद्दल तो काही बोलला नाही, आणि तेच त्याचं सांगणं.
मी प्लेटीवर नख दाबलं. कड हुंगली.
देवरुख डेपोत गोणबरे मास्तर म्हणायचे,
सुटा भाग खरं बोलतो रे,
बसवला की वकील होतो.
प्लेटी कंपनीच्या घेतल्या. फिल्टर तैवानचा.
उरलेल्या पैशांत ड्रम बसेना.

म्हणून मग दुपारी इंडस्ट्रियल सहा.
शेचाळीस डिग्री. गिअरबॉक्स डोंगरासारखे रचलेले,
हात लावला तर फोड.
पाचवा ड्रम पालथा केला, फडक्यानं पुसला,
आत, कुणाला दिसू नये अशा जागी,
खिळ्यानं ओरखडलेलं:
०.९
शून्य साधं. पण नऊ आपला,
शेपूट मागे टाकून बसलेला.
कोण होतास बाबा?
नाव नाही, तारीख नाही,
फक्त तू फट मोजलीस आणि ती बरोबर निघाली,
एवढंच मागे ठेवलंस.
विकणारा म्हणाला, दीडशे.
मी घासाघीस विसरलो.
(रात्री आठवलं तेव्हा चुटपुट लागली. नव्वदला आला असता.)

प्लेटी रात्रभर तेलात घातल्या.
घरी भिजत घोंगडं ठेवलं म्हणून बोल खाल्ले आयुष्यभर,
जमिनीचं, बहिणीच्या वाटणीचं,
या कामात मात्र भिजत न ठेवणारा गाढव.
कोरडी प्लेट पहिल्या चढावरच जळते.

सकाळी एकेक रचली: पोलाद, अस्तर, पोलाद, अस्तर,
वर सर्कलिप. टक.
त्या नऊवर माझा विश्वास होता.
तरी पत्ती घालून पाहिलीच.
एक पूर्णांक तीन.
त्याच्या वेळचा ड्रम तेव्हा तरुण होता,
मधे किती टँकर, किती चढ, कुणास ठाऊक.
सर्कलिप काढली, शेवटची प्लेट बदलून जाड घातली,
पुन्हा पत्ती.
आता नऊ.
दोघांचं जमलं.

गुरुवार नाही, शनिवार उजाडला.
शेरदिलनं बटण दाबलं, डी.
पहिला. दुसरा. तिसरा आला,
खांद्यावर थाप मारल्यासारखा, जरा जोरातच.
त्यानं घाबरून माझ्याकडे बघितलं.
मी म्हटलं, दोन दिवस देईल धक्के.
याच्या डोक्यात तुझा पाय अजून नवा आहे.
चालव. शिकेल.

धैदच्या रस्त्यावर तो दिसेनासा होईपर्यंत
मी कान लावून उभा होतो.
मग टेबल आवरलं.
एक वॉशर उरला होता.
बराच वेळ तो तळहातावर घेऊन बसलो.
जुनाच होता.
बहुतेक.